केगच्या गोलापासून सुरुवात कर

चि. मुक्ता हिस,



तुझी यादी सावकाश वाचली. तळघरात चार नळांचा बिअर-फ्रीझर करायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. बाटल्या धुवायच्या, भरायच्या, एकेकीला बूच ठोकायचं, या सगळ्यातून सुटका होईलच, शिवाय केगमधून काढलेल्या ताज्या बिअरची चव निराळीच लागते. फक्त तुझ्या यादीचा क्रम मला पटला नाही. सवलतीत दिसला म्हणून तू आधी फ्रीझर पक्का केलास आणि आता बाकीचं सामान त्यात बसवायला निघालीस. आधी केग ठरव, मग नळ, मग गॅस. फ्रीझर सगळ्यात शेवटी.

तुझ्याकडे बॉल लॉकचे केग आहेत ना? पाच गॅलनचा हा केग सुमारे नऊ इंच रुंद आणि पंचवीस इंच उंच असतो. वर गॅसची आणि बिअरची जोडणी बसली की उंची आणखी वाढते. पुठ्ठ्याचे नऊ इंचांचे गोल काप, ते घेऊन दुकानात जा आणि फ्रीझरच्या तळाशी मांडून बघ. दुकानदार बघत राहील, बघू दे. फ्रीझरवर लिहिलेले घनफूट इथे कामाचे नाहीत, कारण तळाच्या एका बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो आणि तिथे केग उभा राहत नाही. चारही गोल उंचवट्याच्या अलीकडे सपाट बसले, तरच तो फ्रीझर तुझा. आणि पुढे जुने पिन लॉकचे केग स्वस्तात दिसले तरी घेऊ नकोस. ते चांगले असतात, पण त्यांची जोडणी वेगळी. एका घरात दोन पद्धती आल्या की प्रत्येक सुटा भाग दोनदा विकत घ्यावा लागतो.

फ्रीझरच्या भिंतीला भोक मात्र चुकूनही पाडू नकोस. आडव्या झाकणाच्या फ्रीझरमध्ये थंडावा देणाऱ्या गॅसच्या नळ्या बहुधा भिंतींच्या आतूनच फिरवलेल्या असतात, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीझरमध्ये पेट घेणारा आयसोब्युटेन भरलेला असतो. म्हणून झाकण आणि पेटी यांच्यामध्ये लाकडाची चौकट बसवायची आणि नळ त्या चौकटीतून बाहेर काढायचे. तू दहा इंची फळी लिहिली आहेस, मी सहा इंची घे म्हणेन. भरलेला केग तेवीस-चोवीस किलोंचा असतो आणि तो चौकटीवरून उचलून आत सोडायचा असतो. चौकट जेवढी उंच, तेवढा कमरेवर भार. काही जण चौकट झाकणाला जोडतात, म्हणजे उचलायची उंची वाढत नाही. पण मग झाकण उघडलं की नळ आणि नळ्या सगळं वर जातं आणि बिजागऱ्यांवर ताण येतो. चौकट पेटीलाच सिलिकॉनने चिकटव, आतून फोमचा जाड थर लाव, आणि केग उचलताना कोणाला तरी हाताशी घे.

आता पैशांचं. तू महाग कंट्रोलर आणि स्वस्त नळ घेतले आहेस. हे अगदी उलट कर. फ्रीझर बाहेरून चालू-बंद करणारा साधा दोन प्लगचा कंट्रोलर या कामाला पुरतो. तापमान 38 अंश फॅरनहाइट ठेव, दोन-तीन अंशांची सूट दे, आणि कॉम्प्रेसर बंद होऊन पुन्हा चालू होण्यात काही मिनिटांचं अंतर राहील असं बघ. त्याचा सेन्सर हवेत लोंबकळू देऊ नकोस. केगच्या पोटाला चिकटवून वरून फोमचा तुकडा बांध, म्हणजे तो बिअरचं तापमान मोजेल. हवेत ठेवलास तर झाकण उघडलं रे उघडलं की कॉम्प्रेसर धावायला लागेल.

वाचलेले पैसे नळांवर घाल. क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळी नळात झडप मागच्या बाजूला असते. ग्लास भरला की पुढच्या भागात बिअरचा ओलावा राहतो, तो सुकून चिकट होतो, आणि दोन-चार दिवसांनी दांडी ओढावी तर हलत नाही. मुलामा झिजला की बिअर पितळेला लागते ती वेगळीच. स्टेनलेस स्टीलचा, पुढच्या तोंडाशीच बंद होणारा नळ घे. त्यात बिअर तोंडापर्यंत भरलेली राहते आणि हवा आत शिरत नाही. नळामागचा दांडाही स्टेनलेसचाच घे, आणि लाकूड अधिक फोम यांची जाडी मोजून मगच त्याची लांबी ठरव. चारही नळ एकदम परवडत नसतील तर चार भोकं पाड, दोन नळ चांगले लाव आणि उरलेल्या दोन भोकांना बूच मार. स्वस्तातले चार लावशील तर वर्षभरात चारही बदलशील.

फेसाबद्दल तू दोनदा विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 38 अंशांना दहा ते बारा पीएसआय दाबाखाली बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीचपट कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो. बहुतेक एल बिअरना हे मान बरोबर बसतं. नळ उघडला की हा दाब एकदम उतरतो आणि गॅस फेस होऊन सुटतो. नळीचं काम एवढंच, की दाब वाटेत हळूहळू उतरावा. लोक फेस आला की रेग्युलेटर फिरवून दाब कमी करतात. त्या दिवशी बरं वाटतं, पण मग गॅस नळीतच सुटून बुडबुडे धरतो आणि काही दिवसांत केगमधली बिअरही मिळमिळीत होते. दाब तसाच ठेव, नळी लांब घे. आतून तीन सोळांश इंचाची व्हिनाइल नळी असेल तर दहा फुटांपासून सुरुवात कर. नंतर कापता येते, वाढवता येत नाही. मला विचारशील तर चार मिलिमीटरची एव्हाबॅरियर नळी घे. ती कमी लांबीत भागते, तिच्यातून प्राणवायू फारसा झिरपत नाही आणि प्लास्टिकचा वासही उतरत नाही. एवढं करूनही पहिला ग्लास फेसाळला, तर समज की तळ थंड आहे आणि वरचा चौकटीचा भाग उबदार. तळाची हवा वर फेकणारा कॉम्प्युटरचा छोटा पंखा आत लाव, बारा व्होल्टचा. बाहेरची हवा आत गेली की पाणी सुटतं आणि बुरशी धरते, म्हणून ओल शोषणारा डबाही आत ठेव.

गॅसच्या बाबतीत मात्र काटकसर अजिबात चालणार नाही. पाच पौंडांच्या सिलिंडरमधला गॅस मोकळा झाला तर चाळीस घनफुटांहून जास्त जागा व्यापतो. तुझा फ्रीझर सात घनफुटांचा. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो पेटीत आणि तळघराच्या जमिनीलगत साचून राहतो. गळती झाली असेल तेव्हा केग बघायला डोकं आत घातलंस तर जिवावर बेतेल. म्हणून सिलिंडर बाहेर, भिंतीला साखळीने बांधून उभा ठेव, आणि कार्बन डायऑक्साइडचा अलार्म जमिनीपासून थोड्या उंचीवर लाव. धुराचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म इथे उपयोगाचा नाही. जोडणी झाली की प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लाव, आई स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर बदलल्यावर लावायची तसा. रेग्युलेटर नामांकित घे, दाब सोडणारी झडप असलेला. सिलिंडर चकचकीत नवा घेऊ नकोस, गॅसवाले बहुतेक ठिकाणी भरून न देता बदलूनच देतात. जो हातात येईल त्याच्या खांद्यावर ठोकलेली तपासणीची तारीख वाच, ती पाच वर्षांच्या आतली हवी. आणि किती गॅस उरला ते रेग्युलेटरच्या काट्यावरून ठरवू नकोस. आत द्रव आहे तोवर काटा जागचा हलत नाही, आणि हलला की गॅस संपलाच म्हणून समज. वजन करून बघ.

ताईला हे सगळं कायद्यात बसतं का अशी काळजी लागली आहे. तिला सांग, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने 1978 मध्ये घरगुती बिअरला करातून सूट मिळाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200, विकायची मात्र नाही. राज्याचे नियम वेगळे असतात, ते तू तुझे बघून घे. भाऊजींनी पुण्यात असंच काही करायचं मनात आणलं असेल तर त्यांना थांबव. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही.

फ्रीझरची ऑर्डर अजून रद्द करता येत असेल तर आजच फोन कर. मग पुठ्ठ्याचे गोल घेऊन दुकानात जा आणि तळाची लांबी, रुंदी, उंचवट्याची उंची आणि आतली पूर्ण उंची मला लिहून पाठव. चौकटीचं आणि नळांच्या भोकांचं आरेखन मी करून देते. त्याआधी लाकूड कापू नकोस.

तुझी,
मावशी