साक्षांकन नमुन्यातील एक रकाना

स्पर्धा परीक्षेच्या तयारीबद्दल आपल्याकडे मार्गदर्शनाची शिबिरे पुष्कळ होतात. निवड यादीत नाव लागल्यानंतर काय होते, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

निवड झाली की उमेदवाराला साक्षांकन नमुना भरावा लागतो. तो पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीसाठी जातो. त्यात विचारलेले असते : आपणास कधी अटक झाली होती काय? खटला झाला काय? दंड वा शिक्षा झाली काय? एखादा खटला प्रलंबित आहे काय? खोटी माहिती दिल्यास किंवा माहिती दडविल्यास उमेदवार अपात्र ठरेल, असा इशाराही छापलेला असतो. तो कोणी वाचत नाही. पुष्कळजण सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. “केस तर सुटली, आता कशाला लिहायचे?” असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. प्रश्न ‘शिक्षा झाली काय’ एवढाच नसून ‘अटक झाली काय, खटला झाला काय’ असाही आहे. निर्दोष सुटलेल्यालाही त्याचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी या बाबतची सूत्रे घालून दिली. माहिती खरी हवी, हे पहिले. तथापि, तरुण वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा असेल तर तो दडविला तरी नेमणूक करणारा अधिकारी दुर्लक्ष करू शकतो. मोर्चात गेलेल्या आपल्या मुलांसाठी हे वाक्य मोलाचे आहे. पण ‘करू शकतो’ आणि ‘केलेच पाहिजे’ यांत अंतर आहे. उलट, सर्व खरे लिहिले म्हणजे नोकरी पक्की असेही नव्हे. पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार अधिकाऱ्याला राहतोच. आणखी एक सूत्र असे की प्रश्न मोघम असता कामा नये; नमुन्यात स्पष्ट विचारले नसेल, तर ते दडविले असा ठपका ठेवता येत नाही.

दिल्ली पोलिसांची दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. संदीप कुमार वीसेक वर्षांचा असताना मारामारीच्या प्रकरणात सापडला व तडजोडीने सुटला. अर्जात त्याने ते लिहिले नाही, पण साक्षांकन नमुन्यात लिहिले. 2011 साली न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्रात भाकरी चोरणाऱ्या ज्याँ व्हालज्याँचाही दाखला आहे! मेहर सिंग प्रकरणात (2013) मात्र खटल्यातून सुटूनही पोलीस दलाने नाकारलेली उमेदवारी न्यायालयाने योग्य ठरवली. निर्दोष सुटका कशी झाली, सन्मानाने की साक्षीदार फिरल्यामुळे, हे पाहिले जाते. गणवेशाच्या नोकरीत ही कसोटी अधिक कडक असते.

अठरा वर्षांखालील मुलांना 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 24 चे संरक्षण आहे. सोळा वर्षांवरील मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालला असल्यास मात्र ते मिळत नाही.

आम्ही बँकेतले कारकून, वकील नव्हे. पण कागदाची किंमत आम्हाला रोज कळते. ज्यांच्यावर कधी गुन्हा नोंदला गेला असेल त्यांनी प्रथम खबरीची प्रत आणि न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत आजच काढून ठेवावी. खटला मागे घेतला असे नुसते कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये, कारण त्यास न्यायालयाची परवानगी लागते. तो आदेश हाती असावा आणि नमुना भरताना त्यातील खटला क्रमांक व तारीख जशीच्या तशी उतरवावी.