कुरर पक्षी आणि माझा रात्री दोनचा फोन

आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय ९, कुरर पक्ष्याचा प्रसंग



अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी सतरा गुरू मागच्या दोन अध्यायांत होऊन गेले. आज नववा अध्याय सुरू होतो आणि पहिलाच गुरू आहे कुरर पक्षी. गोष्ट अगदी छोटी. कुरराला मांसाचा तुकडा मिळतो. ज्यांच्याकडे काही नाही असे दुसरे दांडगे पक्षी त्याच्यावर तुटून पडतात, टोचतात, पाठ सोडत नाहीत. शेवटी तो तुकडा टाकून देतो. त्याच क्षणी सगळे त्याला सोडून तुकड्याकडे जातात आणि हा सुखी होतो. अवधूत यदुराजाला सांगतो की माणूस जे अतिशय प्रिय म्हणून धरून ठेवतो, तेच त्याच्या दुःखाचं कारण होतं.

'परिग्रह' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फ्लॅट, सोनं, बँक बॅलन्स येतो. मीही बरीच वर्षं हा प्रसंग 'माझ्याकडे कुठे काय एवढं आहे' असं म्हणत वाचून पुढे जायचो. या वेळी अडकलो. कारण माझा परिग्रह एक बग होता.

सांगतो. आमच्या सिस्टिममध्ये महिनाअखेरीला रात्री एक मोठा जॉब चालतो. दिवसभरातले व्यवहार आणि बाहेरून आलेल्या फाइलमधल्या नोंदी जुळवणं हे त्याचं काम. दर दोन-तीन महिन्यांनी तो अडकायचा, रात्री दोनच्या सुमारास, आणि फोन मला यायचा. मी उठायचो, दुहेरी पडलेल्या नोंदी हाताने काढायचो, जॉब पुन्हा सुरू करायचो. सकाळी ग्रुपवर वीस-पंचवीस लोकांचे हात जोडलेले इमोजी. मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणायचा, "हा होता म्हणून वाचलो."

आता खरं कारण. समोरून कधीकधी तीच फाइल दोनदा पाठवली जायची. फाइलवर स्वतःचा क्रमांक असतो. तो क्रमांक आधी येऊन गेलाय का एवढं तपासलं असतं, तर जॉब कधीच अडकला नसता. दोन दिवसांचं काम. आणि हे मला दीड वर्ष माहीत होतं.

टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीने सरळ विचारलं, "सर, हे कायमचं का नाही करून टाकत?" मी म्हणालो, "बिझनेसच्या दृष्टीने आत्ता प्रायॉरिटी नाहीये." बिझनेसला कोणी विचारलंच नव्हतं. विचारायला मीच जायचं होतं.

मी मुद्दाम काही बिघडवत नव्हतो. रात्री फोन आला की खरंच वैताग यायचा, बायको तर चिडायचीच. पण तो जॉब अडकत होता म्हणून मी 'मी' होतो. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहायला ठळक ओळ होती. नोकरकपातीच्या बातम्या आल्या की मनात यायचं, मला कसे काढतील, रात्री कोण उठणार? कुरराला तुकडा खायला तरी हवा होता. माझं त्याच्या पुढचं होतं, मला टोचणारे पक्षीसुद्धा हवे होते. ते आले नाहीत तर मी किती शूर आहे हे कळणार कोणाला?

इतिहासात याचं एक उघडंनागडं उदाहरण आहे. १९०२ साली फ्रेंचांच्या ताब्यातल्या हनोई शहरात उंदीर फार झाले. नव्या बांधलेल्या गटारांत त्यांना मोकळं रान मिळालं होतं, आणि प्लेगची भीती होती. सरकारने मारलेल्या प्रत्येक उंदरामागे पैसे जाहीर केले, पुरावा म्हणून फक्त शेपटी आणायची. शेपट्यांचा ढीग लागला. मग अधिकाऱ्यांना शेपटी नसलेले जिवंत उंदीर शहरात फिरताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे त्याला पिल्लं होतील आणि शेपट्या येत राहतील. शहराबाहेर तर उंदीर चक्क पाळले जात होते. शेवटी सरकारला योजना बंद करावी लागली. मी त्या लोकांना हसत नाही. परक्या सरकारने दिलेले चार पैसे होते, त्यांनी ते मिळवले. शिवाय आपण काय करतोय हे त्यांना नीट कळत होतं. मी शेपट्या जमवत होतो आणि स्वतःला उंदीर मारणारा समजत होतो.

ऑफिसचं एक वेळ सोडा, साधनेतही हेच चालतं. आमचा शनिवारचा ऑनलाइन सत्संग आहे. शेवटी प्रत्येकजण आपला अडथळा सांगतो. माझा ठरलेला, राग. 'माझा राग' यावर मी चार वर्षं बोलतोय. आता किस्से इतके रंगवून सांगतो की लोक हसतात, वाट बघतात. एकदा मनात आलं, राग खरंच गेला तर शनिवारी मी काय बोलणार? आणि त्या विचाराने बरं वाटण्याऐवजी चक्क धाकधूक झाली. तुमच्यापैकी कोणाचं 'माझं ओव्हरथिंकिंग' असेल, कोणाचं 'माझा आळस'. 'माझं' हा शब्द किती मायेने लावतो आपण, बघा. (डॉक्टरकडे जाण्यासारखा त्रास असेल तर तो वेगळा विषय, तिथे डॉक्टरकडेच जा. मी बोलतोय ते कुरवाळलेल्या दुखण्याबद्दल.)

इथे मला गाडगेबाबा आठवतात. गावात शिरले की हातात खराटा. गाव झाडायचं, रात्री कीर्तन, आणि पुढच्या गावाला रवाना. त्यांची ओळख घाणीला चिकटलेली असती, तर गाव उद्या पुन्हा घाण झालेलं त्यांना हवंच असतं. उलट त्यांचं बघून गावकरी स्वतः खराटा हातात घ्यायचे. त्यांनी पंढरपूरला, नाशिकला मोठ्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःचा संसार एका गाडग्यात मावणारा. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, असंच ते सांगत राहिले. कोणाला आपली गरज लागत राहावी, अशी सोय त्यांनी ठेवलीच नाही.

पण एक गोष्ट मला टोचते, ती लपवत नाही. गाडगेबाबांना ईएमआय नव्हता. कुरराने तुकडा टाकला, ठीक, पण संध्याकाळी त्याने काय खाल्लं हे अवधूत सांगत नाही. सुखी झाला, इतकंच सांगतो. पोटापाण्याची भीती खोटी नसते, तिला नुसतं 'वैराग्य ठेवा' म्हणून गप्प बसवता येत नाही. माझ्यापुरतं एवढंच दिसलं की ती भीती पोटाची कमी आणि नावाची जास्त होती. पगार बग सुटल्यावरही तेवढाच येणार होता.

तर मार्चमध्ये त्या मुलीला घेऊन बसलो. दोन दिवसांचं काम टेस्टिंगमुळे चार दिवसांचं झालं. अर्धा कोड तिने लिहिला, माझ्यापेक्षा नीटच. सगळं लिहून काढलं, म्हणजे उद्या कोणालाही कळेल. मीटिंगमध्ये विषय अर्ध्या मिनिटात संपला. हात जोडलेले इमोजी आले नाहीत.

त्यानंतर दोनदा फाइल दुहेरी आली. पहिल्या वेळी मला पत्ताच नव्हता. महिनाअखेरीच्या रात्री मी सवयीने दोन वाजता जागा झालो, फोन बघितला. काही नाही. चार्जिंग आहे का बघितलं. मग राहवेना म्हणून लॅपटॉप उघडला. जॉब एक चाळीसला संपला होता, दुसरी फाइल गुपचूप बाजूला टाकली होती. मी बराच वेळ त्या हिरव्या ओळीकडे बघत बसलो. आनंद म्हणाल तर नव्हता. पोकळ वाटत होतं, खरं सांगायचं तर थोडं रडूही येत होतं. माळ हातात घेतली.

बायको झोपेतच म्हणाली, "काय झालं? पडलं का पुन्हा?"

"नाही गं. काहीच नाही झालं."

"मग झोप ना."

उद्या पुढचा गुरू : बालक.

राम कृष्ण हरी.