व्यवसायनिवड आणि रोजगारविषयक माहिती

शालान्त परीक्षेचा निकाल हाती आला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा शेजारच्या मुलाने काय घेतले यावरून ठरते. विद्यार्थ्याची आवड व कुवत यांचा विचार थोडाबहुत होतो. परंतु ज्या कामासाठी शिकावयाचे त्या कामाला मागणी किती, याची चौकशी क्वचितच केली जाते.

डी.एड.चा धडा

या संदर्भात महाराष्ट्रातील डी.एड. अभ्यासक्रमाचे उदाहरण बोलके आहे. बारावीनंतर दोन वर्षांत शिक्षकाची नोकरी, या अपेक्षेने या शतकाच्या पहिल्या दशकात विद्यार्थ्यांचा ओढा या अभ्यासक्रमाकडे वळला आणि अध्यापक विद्यालयांची संख्याही वाढली. पुढे २०१२ साली शिक्षकभरतीवर निर्बंध आले, तर २०१३ साली राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. पदविका हाती असूनही असंख्य तरुणांना नोकरी मिळाली नाही. अनेक विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद पडली.

प्रवेश घेताना दिसणारी मागणी आणि शिक्षण पूर्ण होताना असणारी मागणी यांत काही वर्षांचे अंतर असते. एकाच वाटेने सर्वजण निघाले, तर मुक्कामी पोहोचेपर्यंत जागा भरून गेलेल्या असतात.

माहितीची साधने

रोजगाराची माहिती पद्धतशीरपणे गोळा व्हावी या हेतूने १९५९ साली संसदेने रिक्त पदे सेवायोजन कार्यालयांना सक्तीने कळविण्याचा कायदा संमत केला. सर्व सरकारी आस्थापना आणि पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या शेतीव्यतिरिक्त खाजगी आस्थापना यांना तो लागू करण्यात आला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या विषयाचा समावेश झाला असून त्यात ‘करिअर केंद्र’ ही संज्ञा आली आहे.

दुसरे साधन म्हणजे २०१७ पासून होत असलेली नियतकालिक श्रमशक्ती पाहणी. २०२३-२४ च्या पाहणीनुसार देशात पंधरा वर्षांवरील व्यक्तींमध्ये बेरोजगारीचे प्रमाण ३.२ टक्के होते. १५ ते २९ या वयोगटात मात्र ते १०.२ टक्के होते. नोकरीची पहिली पायरी चढणे हेच तरुणांना सर्वांत अवघड जाते, हे यावरून स्पष्ट होते. निरनिराळ्या व्यवसायांतील कामाचे स्वरूप समजून घेण्यास २०१५ चे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण उपयोगी पडते.

आकडे वाचताना

आकड्यांच्याही मर्यादा असतात. सेवायोजन कार्यालयातील नोंदणीचा आकडा म्हणजे बेकारांची संख्या नव्हे. नोंदणी केलेल्यांत शिकणारे आणि अन्यत्र काम करणारेही असतात. उलट लहान दुकाने, कारखाने व स्वयंरोजगार यांतील पुष्कळ संधी या नोंदीत येतच नाहीत. शिवाय सर्व जागा नव्या कामामुळे निर्माण होतात असे नाही. सेवानिवृत्तीमुळे रिकाम्या होणाऱ्या जागाही मोजाव्या लागतात. म्हणून ज्या व्यवसायाची वाढ मंदावली आहे, तेथेही माणसे लागत असतात.

शाळांनी काय करावे?

कोणताही अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. या कामासाठी दरवर्षी साधारण किती जागा निघतात? तेच शिक्षण घेऊन किती जण बाहेर पडतात? आणि हे काम मिळाले नाही, तर याच कौशल्यावर दुसरे कोणते काम करता येईल? यातील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. जोडारी वा वीजतंत्रीचे काम शिकलेल्याला कारखान्यात जागा मिळाली नाही, तरी दुरुस्तीच्या व्यवसायाची वाट मोकळी राहते.

शिक्षकांनी नववीच्या वर्गाला जवळच्या औद्योगिक वसाहतीत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वा रुग्णालयात न्यावे. गेल्या वर्षी तेथे कोणती पदे भरली गेली, पात्रता काय होती, सुरुवातीचे वेतन किती होते, याची टिपणे विद्यार्थ्यांनीच तयार करावीत. दरवर्षी त्यांत भर पडत गेली, तर शाळेजवळ आपल्या परिसराची विश्वसनीय माहिती साठेल.

अशी माहिती विद्यार्थ्याची आवड बाजूला सारण्यासाठी नाही. त्या आवडीला वाट दाखविण्यासाठी आहे. कर्ज काढून मुलाला शिकविणाऱ्या कुटुंबाला ही वाट आधी दिसणे अत्यंत अगत्याचे आहे.