कुटुंबांतील उवा : प्रतिबंध व उपाय

(खेड्यांतील मंडळ्या, उपदेशक व बायबलबाया यांकरितां एक पाठ)

वाचनाकरितां शास्त्रभाग : निर्गम, अध्याय ८, लेवीय, अध्याय १३, योहान, अध्याय ९ व १३.

ह्या पाठाचा विषय पाहून कित्येकांस हंसूं येईल व कित्येकांस लाज वाटेल. परंतु ज्या गोष्टीची लाज वाटते ती आपण झांकून ठेवितों, आणि झांकलेली गोष्टच घरांत वाढते. ऊ प्राणी लहान खरा. पण त्याच्यापायीं लेंकरांची झोंप जाते, खाजवून डोक्यास जखमा होतात, आणि सोबतिणींचे टोमणे ऐकून मुलगी शाळेंत जाण्याचें टाळते. म्हणून ह्या विषयाचें खरें ज्ञान करून घेणें हें आईबापांचें व उपदेशकांचें कर्तव्य आहे.

१. ही देवाची शिक्षा आहे काय?

मिसर देशावर आलेली तिसरी पीडा उवांची होती, असें पुष्कळ भाषांतरांत आहे. कांहीं भाषांतरकार त्या इब्री शब्दाचा अर्थ चिलटें असा करितात. ह्यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, ज्याच्या घरीं उवा त्याच्या घरीं पाप. परंतु जन्मांधाविषयीं शिष्यांनीं असाच प्रश्न केला असतां प्रभूनें तो दोष त्या मनुष्यावर किंवा त्याच्या आईबापांवर ठेवूं दिला नाहीं. डोक्यांतील ऊ स्वच्छ व अस्वच्छ केसांत सारखीच राहते. तिला उडतां येत नाहीं व उडीहि मारतां येत नाहीं; ती केवळ चालते. डोक्यास डोकें लागलें म्हणजे ती एका केसावरून दुसऱ्या केसावर जाते. एका वाकळेंत निजणारीं भावंडें व गळ्यांत गळा घालून खेळणाऱ्या मुली यांच्यांत ती पसरते, ह्यांत नवल नाहीं.

२. उवांच्या जाती

डोक्यांतील ऊ निराळी व अंगावरील कपड्यांच्या शिवणींत राहणारी ऊ निराळी. पहिलीपासून खाज व जखमा होतात, पण तिच्यामुळें रोग पसरत नाहींत. दुसरी मात्र भयंकर आहे. इ. स. १९०७ सालीं मॅकी नांवाच्या डॉक्टरांनीं आपल्या नाशिक येथील एका मिशन वसाहतींत उलटून येणाऱ्या तापाची सांथ तपासली. मुलींपेक्षां मुलगे अधिक आजारी पडले होते, व मुलग्यांच्या कपड्यांत उवाहि अधिक होत्या. ह्यावरून हा ताप कपड्यांतील उवांमुळें पसरतो असें त्यांनीं दाखविलें. पुढें १९०९ सालीं ट्यूनिस शहरांत शार्ल निकोल यांनीं टायफस तापाविषयीं तसेंच सिद्ध केलें. रोग्याचे कपडे काढून त्यास स्नान घातलें कीं त्याजपासून इतरांस ताप होत नाहीं, हें पाहून त्यांस हा शोध लागला. १९२८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां अंगावरचे कपडे नियमानें बदलून धुणें ही लहान गोष्ट नव्हे.

३. तपासणी कशी करावी

उजेडांत बसून कानांमागें व मानेवर केसांच्या मुळाशीं पाहावें. मोठी ऊ तिळाएवढी, म्हणजे २ ते ३ मिलिमीटर असते. लीख केसास चिकटलेली असते. कोंडा बोटानें सहज सरकतो, लीख सरकत नाहीं. केसांच्या मुळापासून अर्ध्या बोटाहून दूर गेलेल्या लिखा बहुधा रिकाम्या असतात. जिवंत, चालणारी ऊ दिसली तरच उपायाची गरज आहे असें समजावें. एकाच्या डोक्यांत ऊ सांपडली तर घरांतील सर्वांचीं डोकीं त्याच दिवशीं पाहावीं.

४. उपाय

लिखेंतून सुमारें ७ ते ९ दिवसांत पिलूं निघतें, आणि तें मोठें होऊन स्वतः लिखा घालूं लागण्यास आणखी नऊ-दहा दिवस लागतात. हा हिशेब ध्यानांत ठेविला म्हणजे उपायाचें मर्म कळतें.

पहिला उपाय फणीचा. केस धुवून ओले असतांना भरपूर खोबरेल तेल लावावें; त्यानें ऊ पळत नाहीं व फणी सहज चालते. मग बारीक दांतांच्या फणीनें केसांची एकेक बट मुळापासून टोंकापर्यंत विंचरावी व प्रत्येक वेळीं फणी पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहावी. पहिल्या दिवशीं, मग पांचव्या, नवव्या व तेराव्या दिवशीं असें करावें. सतराव्या दिवशीं पुन्हा तपासावें. मध्यें जीं पिलें निघतील तीं लिखा घालण्यापूर्वींच सांपडतात.

दुसरा उपाय औषधाचा. औषधांच्या दुकानांत १ टक्का पर्मेथ्रिनचें औषध मिळतें. तें नुकत्याच धुवून पुसलेल्या केसांस लावून १० मिनिटें ठेवावें व धुवून टाकावें. त्यानें सर्व लिखा मरत नाहींत, म्हणून ७ ते १० दिवसांनीं पुन्हा लावावें. दोन महिन्यांच्या आंतील बाळास लावूं नये. गरोदर स्त्रीनें आधीं डॉक्टरांस विचारावें. कांहीं ठिकाणीं उवा ह्या औषधास दाद देत नाहींत. तेथें फणीच चालवावी किंवा डॉक्टरांकडे जावें. जखमांत पू झाला किंवा ताप आला तर विलंब करूं नये.

५. काय करूं नये

डोक्यावर रॉकेल कधींहि ओतूं नये. चुलीची एक ठिणगी लेंकराचा जीव घेण्यास पुरे आहे. पिकांवर मारण्याचें विष डोक्यास लावणें म्हणजे मरणास घरांत बोलावणें होय. सीताफळाच्या बियांची पूड लावण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पण ती डोळ्यांत गेल्यास डोळ्यास मोठी इजा होते, म्हणून ती सोडावी. मुलीचें डोकें बळजबरीनें मुंडूं नये. उवा फणीनेंहि जातात, पण अपमान तिच्या मनांतून लवकर जात नाहीं.

६. प्रतिबंध

आठवड्यांतून एक दिवस ठरवून सर्व मुलांचीं डोकीं पाहावीं. लांब केसांची वेणी घालावी. फणी, टॉवेल व टोपी ज्याची त्याची निराळी असावी. डोक्याबाहेर पडलेली ऊ दोन दिवसांत मरते. म्हणून घरभर औषध फवारण्याचें कारण नाहीं. उपायाच्या दिवशीं अंथरूण-पांघरूण व कपडे कढत पाण्यांत भिजवून धुवून उन्हांत वाळवावे आणि फण्या कढत पाण्यांत दहा मिनिटें ठेवाव्या, इतकें पुरे.

७. मंडळीचें कर्तव्य

लेवीयांत याजक रोग्याची त्वचा व केस पाहत असे आणि संशय असल्यास सात दिवसांनीं पुन्हा पाहत असे. धीरानें पाहणें व पुन्हा पाहणें, हा धडा आपण घ्यावा. पण कुष्ठ्यास छावणीबाहेर ठेवीत तसें उवा झालेल्या मुलास शब्बाथ शाळेंतून किंवा शाळेंतून घालवूं नये. त्याचें नांव चारचौघांत घेऊं नये. बायबलबाईनें त्या घरीं जावें, आईशीं प्रेमानें बोलावें व फणी हातीं धरून रीत दाखवावी. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस विटाळ म्हणून दूर ठेविलें गेलें होतें. तोच विटाळ आपण एका लेंकराच्या डोक्यावरून पुन्हा मंडळींत आणावा काय? ज्या प्रभूनें शिष्यांचे धुळीनें भरलेले पाय धुतले, त्याच्या सेवकास कोणाच्या केसांस हात लावण्याची लाज वाटूं नये.

मननाकरितां प्रश्न

१. डोक्यांतील व कपड्यांतील उवांत भेद काय?
२. उपाय एकदांच करून कां भागत नाहीं?
३. आपल्या गांवीं कोणतें मूल ह्या कारणानें शाळेंत किंवा उपासनेस येत नाहीं? ह्या आठवड्यांत त्याच्या घरीं कोण जाईल?