भावी डॉक्टरांची ऑनलाइन पारख आणि आपल्या वर्णनात्मक नोंदी



'रक्तदाब कसा मोजावा?' या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थी पेशंटच्या दंडाला पट्टा नीट बांधेलच, असं नाही. मग हातातलं कौशल्य तपासायचं कसं?

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी यासाठी एक परीक्षापद्धत मांडली. तिला 'ऑस्की' म्हणतात. विद्यार्थी एकेका टेबलावर जातो. कुठे पेशंटची विचारपूस, कुठे छातीची तपासणी. वेळ ठरलेली, परीक्षकाच्या हातात मुद्द्यांची यादी. सर्वांना कामं सारखीच. त्यामुळे 'मलाच अवघड पेशंट आला' ही तक्रार राहत नाही.

पुढे १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी शिकण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या :
१. माहीत आहे.
२. कसं करायचं ते माहीत आहे.
३. करून दाखवतो.
४. रोजच्या कामात करतो.

लेखी पेपर पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत पोहोचतो, ऑस्की तिसरीपर्यंत. चौथीसाठी वॉर्डातच पाहावं लागतं.

ऑनलाइनमुळे काय बदललं?
कागदी यादीच्या जागी टॅब आला. बेरीज आपोआप होते, सुटलेला मुद्दा लगेच कळतो, सगळा वर्ग कुठे कच्चा आहे तेही दिसतं. ब्रिटनमध्ये शिकाऊ डॉक्टरांचा ई-पोर्टफोलिओ असतो. वरिष्ठ डॉक्टर त्यांना काम करताना पाहतात आणि काय जमलं, काय सुधारायचं ते त्यात लिहितात. आपल्याकडेही २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आणि लॉगबुक आलं.

मर्यादा कुठे?
व्हिडिओवर बोलणं-वागणं तपासता येतं. पण पोट तपासताना बोटांचा दाब किती, हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्याहून मोठा धोका म्हणजे फॉर्म महिनाअखेरीस आठवून भरणं. मग स्क्रीनवर आलेख सुंदर दिसतो, पण विद्यार्थ्याला त्याची चूक कळतच नाही. ती चूक पुढे पेशंटला भोवते.

खरं सांगू? सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी मीही सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरल्या आहेत. 'प्रगती समाधानकारक', चाळीस वेळा! त्यातून मुलांना काय मिळालं?

आता मी रोज दोनच मुलं नीट पाहतो, त्याच दिवशी एक ओळ लिहितो आणि ती मुलाला सांगतो. पालकांनीही 'गुण किती?' याआधी 'सरांनी काय सुधारायला सांगितलं?' असं विचारून पाहावं. नोंद वहीत करा वा मोबाईलवर, आधी मुलाकडे पाहायला हवं.