सकळ लिपीचें कुलूप

आपल्या जिल्ह्यांतील पैठण येथें श्रीचक्रधरस्वामींचें वास्तव्य झालें होतें, हें विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. त्यांच्या महानुभाव पंथानें पुढें आपले अनेक ग्रंथ ‘सकळ’ नांवाच्या सांकेतिक लिपींत लिहून ठेविले. युक्ति म्हणाल तर साधी : एका अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरें अक्षर घालावयाचें. एवढ्यानें कित्येक शतकें पंथाबाहेरील वाचकांस ती मराठी गूढच राहिली! विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं कोडें उलगडलें, आणि बंद ग्रंथ वाचतां येऊं लागले.

वस्तुतः अशा अदलाबदलीचें वर्म अल्-किंदी या अरबी पंडितानें नवव्या शतकांतच दाखविलें होतें. प्रत्येक भाषेंत कांहीं अक्षरें वारंवार येतात. त्यांच्या बदलीं घातलेलीं अक्षरेंही तितक्याच वेळां येणार. मोजीत जावें, म्हणजे वेष गळून पडतो.

आतां मोबाइलवरील निरोप घ्या. त्यांच्या कुलुपाची रीत जगजाहीर असते. गुप्त असते ती केवळ किल्ली, म्हणजे एक प्रचंड संख्या. १२८ बिटांची किल्ली म्हटली, तरी संभाव्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी होते. तेव्हां आजचा भामटा कुलूप फोडीत बसत नाहीं. तो बँकेचा कारकून बनून फोन करितो, आणि ओटीपी घरांतील वडीलधाऱ्यांच्याच तोंडून वदवून घेतो.