मूलपेशी संशोधक होण्याची कृती

मूलपेशींवर संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी आधी परीक्षांची चौकशी करतात. परीक्षा द्याव्या लागतातच. पण या क्षेत्रात निभाव लागतो तो हात बसलेल्या आणि वही नीट लिहिणाऱ्या माणसाचा. त्याची तयारी बीएस्सीतच सुरू करावी.

१. हायड्रा पाळा. तळ्यातला हा इवलासा प्राणी मूलपेशींच्या बळावर तुटलेले भाग पुन्हा वाढवतो. स्वच्छ तळ्यातल्या पाणवनस्पती काचेच्या बरणीत स्थिर ठेवा. नशीब असेल तर काही मिलिमीटर लांबीचे हायड्रा काचेला चिकटलेले दिसतील. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी टाळा, तळ्याचंच पाणी गाळून वापरा. खायला आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं धुऊन द्या आणि नंतर पाणी बदला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या प्राण्यावर अनेक वर्षं काम झालं आहे.

२. कापा आणि नोंदवा. एक दिवस उपाशी ठेवलेला, अंगावर कळी नसलेला हायड्रा घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली, नव्या ब्लेडने धडाच्या मधोमध आडवा छेद द्या. दुसऱ्या हायड्राची एक शुंडिका कापून घ्या. तिन्ही तुकडे वेगळ्या बश्यांत ठेवून रोज ठरल्या वेळी चित्र काढा. दोन-तीन दिवसांत खालच्या तुकड्याला तोंड आणि शुंडिका फुटतात, वरच्याला तळवा येतो. सुटी शुंडिका मात्र हायड्रा होत नाही. तिच्या पेशींचं काम ठरून गेलेलं असतं. विभागत राहणाऱ्या मूलपेशी धडात असतात. अब्राहम ट्रेम्ब्ले यांनी १७४०च्या दशकात नेदरलँड्समध्ये हायड्रा असाच कापून पाहिला होता.

३. प्रवेश मिळवा. एमएस्सीसाठी ‘जॅम’ आणि पीएचडीसाठी ‘नेट’ ही परीक्षा द्या. ‘नेट’मधून जेआरएफ ही संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर २०२३पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००.

४. प्रयोगशाळा पारखा. पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, बंगळुरूत इनस्टेम अशा संस्था आहेत. मार्गदर्शकांशी बोलून झालं की तिथल्या विद्यार्थ्यांना गाठा. मागच्या विद्यार्थ्याची पीएचडी किती वर्षांत झाली आणि रविवारी पेशींचं पोषक माध्यम कोण बदलतं, हे विचारा.

५. पेशी सांभाळा. मानवी बहुक्षम मूलपेशी ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढतात. त्यांचं माध्यम बहुधा रोज बदलावं लागतं. चांगली वसाहत दाट आणि रेखीव कडेची असते. कडा विस्कटून पेशी पसरू लागल्या, तर तो भाग खरवडून टाका. मायकोप्लाझ्मा आणि गुणसूत्रांची तपासणी ठरावीक काळानं करा.

६. परवानगी आधी, काम नंतर. मूलपेशी संशोधनाची २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचा. मानवी मूलपेशींचं काम संस्थेच्या समितीपुढे मांडावं लागतं. मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवायला बंदी आहे.

७. प्रयोग वजाबाकीनं आखा. क्योतोमध्ये शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकं एकदम उंदराच्या पेशींत घातली, मग एकेक वगळून पाहिलं. चार उरली; त्या चार जनुकांनी त्वचेच्या पेशींसारख्या साध्या पेशी मूलपेशींसारख्या केल्या. हा शोध २००६चा. यामानाकांना २०१२चं नोबेल जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं.

८. पोस्टडॉकला नवं तंत्र शिका. प्रबंधाचंच काम पुढे ओढू नका. यामानाका मुळात अस्थिशल्यचिकित्सेकडून आलेले; जनुकं बदललेल्या उंदरांचं तंत्र ते सॅन फ्रान्सिस्कोत शिकले. परदेशातून परतण्यासाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे. अर्जात उपचाराची आश्वासनं देऊ नका, पुढचा प्रश्न मांडा.

९. स्वतःची प्रयोगशाळा मिळाल्यावर प्रत्येक पेशीवाणाच्या कुप्या गोठवून दोन वेगळ्या द्रव-नायट्रोजन टाक्यांत ठेवा. टाकी भरण्याची पाळी कुणाची, ते फळ्यावर लिहा. त्या यादीत स्वतःचंही नाव घाला.